नदीच्या वाटेवर वाढलेले शहर : वाचकांचे प्रश्न

पूर, भूकंप आणि वादळे यांच्या टापूत मोठी शहरे का वसतात आणि तिथे राहणाऱ्यांनी कोणती काळजी घ्यावी, या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागविले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी नाशिकहून आहेत आणि ते स्वाभाविकही आहे, कारण गोदावरीचा पूर तिथल्या प्रत्येक पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : टोकियो, मेक्सिको सिटी, इस्तंबूल, जकार्ता ही शहरे भूकंपाच्या किंवा पुराच्या तोंडावरच वसलेली आहेत. ती वसविणाऱ्यांना धोका कळला नव्हता का? आणि आता शास्त्राने सर्व सांगितल्यावरही ती दुसरीकडे का हलविली जात नाहीत? — एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

उत्तर : धोका मुळीच कळला नव्हता, असे म्हणता येणार नाही. शहर वसते ते रोजच्या गरजांवर आणि मोठी आपत्ती येते ती एक-दोन पिढ्यांच्या, कधी त्याहूनही अधिक अंतराने. त्यामुळे गरजेचा आवाज नेहमी वरचढ ठरतो. शिवाय बहुतेक ठिकाणी धोका आणि सुबत्ता यांचे मूळ एकच असते. पूर आणणारी नदीच गाळाची जमीन आणि पिण्याचे पाणी देते, वादळाच्या तोंडी असलेली खाडीच जहाजांना आसरा देते, आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ज्या उद्रेकाने इ. स. ७९ मध्ये पॉम्पेई गाडले गेले, तशाच उद्रेकांच्या राखेने नेपल्सभोवतीची द्राक्षमळ्यांची जमीन कसदार केली आहे.

यातील मेक्सिको सिटीचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. ॲझ्टेक लोकांनी टेस्कोको सरोवरातील बेटावर राजधानी वसविली, तेव्हा भोवतालचे पाणी हेच तिचे संरक्षण होते. स्पॅनिश सत्तेच्या काळापासून सरोवर आटविण्यात आले आणि शहर त्याच्या तळाच्या मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या चिकणमातीवर पसरत गेले. १९ सप्टेंबर १९८५ रोजी झालेल्या ८.० तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र पॅसिफिक किनाऱ्याजवळ, शहरापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर होते. इतक्या अंतरावर धक्के ओसरायला हवे होते. परंतु सरोवरतळाच्या मातीने ते कित्येक पटींनी वाढविले आणि साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची झुलण्याची लय त्या मातीच्या हेलकाव्यांशी जुळल्यामुळे त्याच सर्वाधिक कोसळल्या. त्याच शहराच्या खडकावर वसलेल्या भागांत त्याच सकाळी हानी पुष्कळच कमी झाली. म्हणून 'अमुक शहर धोक्यात आहे' असे विधान मला नेहमी अपुरे वाटते. शहराचा कोणता भाग, त्याखाली कोणती माती, त्यावर किती मजले आणि ते कोणी कसे बांधले, एवढे विचारल्याशिवाय धोक्याचे माप निघत नाही.

याच मुद्द्याचा दुसरा पुरावा २०१० या एकाच वर्षात मिळाला. जानेवारीत हैतीमध्ये ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि मृतांचे बहुतेक अंदाज लाखाच्या किंवा त्याहूनही वरच्या घरात आहेत. फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा, म्हणजे कितीतरी पट अधिक शक्तीचा भूकंप झाला आणि त्सुनामीतील बळी धरूनही मृतांची संख्या सुमारे सव्वापाचशे होती. हैतीच्या भूकंपाचे केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होते, हे खरे. परंतु १९६० मधील ९.५ तीव्रतेच्या भूकंपाचा अनुभव घेतलेल्या चिलीने बांधकामाचे नियम कडक केले होते आणि मुख्य म्हणजे ते पाळले होते.

आता शहर हलविण्याविषयी. भूजलाच्या बेसुमार उपशामुळे जकार्ता खचत आहे आणि त्याचा उत्तरेकडील बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली गेला आहे. इंडोनेशियाने २०१९ मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर नेण्याचे जाहीर केले आणि नुसंतारा नावाच्या नव्या नगराचे बांधकामही सुरू केले. तथापि राजधानी हलविली म्हणजे मंत्रालये हलतात. जकार्तातील सुमारे एक कोटी माणसे, बंदर आणि बाजारपेठ जिथल्या तिथे राहतात. हे समजण्यासाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या गोदाकाठच्या काझीच्या गढीची माती पावसाळ्यात ढासळते आणि तिथल्या कुटुंबांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा दिल्या जातात, तरी माणसे तिथेच राहतात. कारण कामधंदा, मुलांची शाळा आणि शेजार हे सर्व तिथेच आहे. पर्यायी घर कामाच्या ठिकाणापासून दूर मिळणार असेल, तर नोटिशीचा उपयोग होत नाही. अख्खे शहर हलविण्याची चर्चा दिसायला भव्य असते, पण तिच्या आडोशाने हातातली छोटी कामे पुढे ढकलली जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वरच्या बाजूला गंगापूर धरण असूनही आमच्या बाजारात पूर का येतो? धरणातून पाणी सोडल्यामुळेच पूर येतो, असे इथले बहुतेक व्यापारी मानतात. — एक व्यापारी, सराफ बाजार

उत्तर : आपल्या बाजारातील समजूत अर्धी खरी आहे आणि उरलेला अर्धा भाग समजून घेणे आपल्या दुकानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

गंगापूर धरण मुख्यतः सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आहे. असे धरण पावसाळ्याच्या सुरुवातीला रिकामे असते, त्यामुळे जून-जुलैतील पूर ते पोटात घेते आणि शहराला त्याची कल्पनाही येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र ते भरत आलेले असते. धरणाची साठवणक्षमता आता सुमारे साडेपाच टीएमसी, म्हणजे साडेपाच अब्ज घनफूट आहे. समजा त्यातील दहावा हिस्सा रिकामा आहे आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगांतून सेकंदाला ४०,००० घनफूट पाणी येऊ लागले, तर ती रिकामी जागा सुमारे चार तासांत संपते. त्यानंतर जेवढे पाणी येईल तेवढे सोडावेच लागते, कारण मातीच्या धरणावरून पाणी वाहू देणे म्हणजे धरणच गमावणे होय. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पुण्याचे काय झाले, हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत ठेवावे, याची परिचलन सूची असते. परंतु पुढचा उन्हाळा कोरडा गेला तर काय, या चिंतेने धरण लवकर भरून घेण्याचा आग्रह सर्वच बाजूंनी होतो आणि त्यात नाशिककरही आले. सुरतमध्ये ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरण भरत आलेले असताना तापीच्या पाणलोट क्षेत्रात मोठा पाऊस झाला, प्रचंड विसर्ग करावा लागला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. ते उदाहरण आपल्याला जसेच्या तसे लागू पडते.

दुसरे असे की, धरणाच्या खाली पडणाऱ्या पावसावर धरणाचा काहीच ताबा नसतो. सातपूर, आनंदवल्ली, मखमलाबाद, म्हसरूळ या भागांचे पाणी नाल्यांनी थेट नदीत उतरते. वाघाडी पंचवटीतून येते आणि नासर्डी शहराच्या मध्यातून वाहत टाकळीजवळ गोदावरीला मिळते. पूर्वी या भागांत शेती आणि द्राक्षबागा होत्या, तेव्हा पावसाचा मोठा वाटा जमिनीत मुरत असे. आता तिथे छपरे, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आहेत, त्यामुळे तेवढ्याच पावसाचे पाणी अधिक प्रमाणात आणि कितीतरी लवकर पात्रात पोहोचते. त्याच वेळी पात्रात भराव, भिंती आणि काँक्रीट आले. रामकुंड परिसरातील पात्राचे काँक्रीटीकरण काढावे, ही मागणी नाशिकमध्ये अनेक वर्षे होत आहे आणि मला ती योग्य वाटते. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे पाणी आणि धरणाचा विसर्ग एकाच वेळी पुढे आले की ते सारे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरते. मग दोष कोणा एकाच्या माथी मारून सुटका होत नाही.

जुन्या नाशिकची मांडणी या बाबतीत लक्षपूर्वक पाहावी. वस्ती टेकाडांवर आहे आणि अगदी काठावर घाट, कुंडे व दगडी मंदिरे आहेत. म्हणजे पाणी चढून ओसरल्यावर धुऊन पुन्हा वापरता येईल, अशाच गोष्टी पाण्याच्या वाटेवर ठेवलेल्या दिसतात. पाणी किती चढले हे सांगणारे मापही लोकांनी तिथेच ठरविले. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागले, असे आजही बाजारात म्हटले जाते आणि काठावरील नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोहोचले की तो महापूर समजला जातो. १९६९ चा आणि सप्टेंबर २००८ चा पूर या मापानेच लोकांच्या लक्षात आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्येही मारुती बुडाला होता.

या मापाला एकच मर्यादा आहे : मारुती आत्ताचे पाणी दाखवितो, पुढच्या काही तासांचे नव्हे. ते समजण्यासाठी गंगापूर धरणाचा विसर्ग आणि होळकर पुलाखालून वाहणारे पाणी, हे दोन आकडे पाहावे लागतात. पावसाळ्यात जलसंपदा विभागाकडून मिळणारे हे आकडे वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवरही येतात. आपण एक साधी नोंद सुरू करावी, असे सुचवितो. पुलाखालून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी वाहत असताना ते आपल्या दुकानाच्या कितव्या पायरीला लागले, हे दर पुराच्या वेळी शटरच्या आतील भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. दोन-तीन पुरांनंतर आपल्या दुकानापुरते असे कोष्टक तयार होईल की, विसर्गाचा आकडा ऐकताच माल वर न्यायचा की नाही, हे ठरविता येईल. तळघरात मालाची साठवण, वजनकाटे, विजेचा मीटर आणि इन्व्हर्टर ठेवू नये. मीटर पुराच्या खुणेच्या वर बसवून घेण्याचा खर्च एका पुरातील नुकसानीच्या मानाने किरकोळ आहे.

प्रश्न : गंगापूर रोडला नदीजवळ फ्लॅट पाहिला आहे. विक्रेते म्हणतात, जागा निळ्या रेषेच्या बाहेर आणि लाल रेषेच्या आत आहे, तेव्हा 'शंभर वर्षांतून एकदा' येणाऱ्या पुराची भीती कशाला बाळगायची? — एक वाचिका

उत्तर : आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे २५ वर्षांच्या वारंवारितेच्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांच्या वारंवारितेच्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. नियंत्रित क्षेत्रात, जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवण्यासारख्या अटींवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणजे विक्रेत्यांचे कायद्याचे म्हणणे बरोबर असू शकेल. चूक आहे ती 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांच्या अर्थात.

शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ नाही. तो पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते, एवढेच त्यातून सांगायचे असते. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. आपले गृहकर्ज २० वर्षांचे असेल, तर त्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेच्या बाबतीत हेच गणित केले, तर शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास जाते. पैसे गुंतविण्यापूर्वी हे दोन आकडे घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावेत. शिवाय या रेषा मागील पावसाच्या आणि पुरांच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. वरच्या भागात काँक्रीट वाढले, नाले अरुंद झाले किंवा थोड्या वेळात पडणाऱ्या पावसाचे प्रमाण वाढले, तर कागदावरची रेषा तिथेच राहते आणि पाणी तिच्या पुढे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो कोणाच्याही हिशेबात नव्हता.

आपण महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा आणि त्यावर दोन्ही पूररेषा दाखविल्या आहेत का, हे पाहावे. २००८ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे त्या गल्लीतील जुन्या रहिवाशांना विचारावे. इमारत कितीही उंच असली, तरी लिफ्टची मोटार, पाण्याचे पंप, विजेचे पॅनेल आणि वाहने जमिनीलगतच असतात, त्यामुळे पाचव्या मजल्यावरचे कुटुंबही पुरात अडकते. इमारतीकडे येणारा रस्ता पुरात चालू राहतो का, हा प्रश्न फ्लॅटच्या दिशेइतकाच महत्त्वाचा आहे. घराचा विमा काढताना १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी पाहावी. तिच्यात पूर आणि भूकंप या दोन्हींचा समावेश आहे. इतके करूनही माझे मत विचाराल तर, दुसरा पर्याय परवडत असेल तर ही जागा घेऊ नये.

प्रश्न : दख्खनचे पठार कठीण बेसॉल्टचे आहे. तेव्हा नाशिकला भूकंपाचा विचार करण्याचे कारण आहे का? — अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाले. दोन्ही ठिकाणे याच पठारी प्रदेशातील आहेत. किल्लारीचा परिसर तर त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात देशाचे चार विभाग करण्यात आले आणि त्यात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांत सौम्य धक्के जाणवतात आणि दिंडोरी रस्त्यावरील 'मेरी' (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेच्या केंद्रात त्यांची नोंद होते.

आपण अभियांत्रिकी शिकत आहात, म्हणून एक गोष्ट विशेष सांगतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठपणा येतो आणि खाली नुसते कॉलम उरतात, त्यामुळे धक्क्याचा सारा ताण त्या एका मजल्यावर एकवटतो. नाशिकच्या कोणत्याही उपनगरात पाहावे, तर अशा पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारतींच्या रांगा दिसतील. असा तळमजला धोकादायक असतोच असे नाही. कॉलमचे बळ आणि आकार त्या हिशेबाने धरले असतील आणि काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती दिल्या असतील, तर इमारत टिकते.

खरी परीक्षा साइटवर होते. काँक्रीट ओतण्याआधी जाऊन कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा पाहाव्यात. रिंगेची दोन्ही टोके १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात शिरलेली असावीत आणि बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगा दाट असाव्यात. घाईत फिटर टोके ९० अंशांतच वळवून सोडतो. धक्क्यात बाहेरचे काँक्रीट झडले की अशी रिंग उलगडते, सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. काँक्रीट ओतल्यावर हा दोष कोणालाही दिसत नाही, म्हणून तो ओतण्याआधीच पकडावा लागतो. आपण उद्या साइटवर उभ्या राहाल, तेव्हा यासाठी काम थांबविण्याची वेळ आली तर ते जरूर थांबवावे.

प्रश्न : २०२७ चा सिंहस्थ भर पावसाळ्यात येणार आहे. पुराचा धोका लक्षात घेता कशाची तयारी व्हायला हवी? — एक वाचक, तपोवन परिसर

उत्तर : नाशिकच्या सिंहस्थातील प्रमुख स्नाने श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतात, म्हणजे धरण भरत आलेले असते, त्याच दिवसांत लाखो लोक नदीकाठी असतात. तेव्हा स्नानाच्या आधीच्या आठवड्यांत धरणात पूर सामावण्याइतकी जागा राखणे, ही पहिली गरज आहे आणि ती परिचलन सूचीत आधीच लिहून जाहीर केली पाहिजे. साधुग्रामातील तंबू, स्वयंपाकघरे आणि वीजजोडण्या पूररेषेच्या बाहेरच असाव्यात. रामकुंडाकडे जाणारे रस्ते अरुंद आणि उताराचे आहेत. २००३ च्या सिंहस्थात तिथे पूर नसतानाही चेंगराचेंगरी होऊन बळी गेले. पाणी वाढत असताना गर्दीला चढाच्या दिशेने बाहेर काढायचे असेल, तर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे ठेवून त्यांचा सराव आधीच्या पावसाळ्यात झाला पाहिजे. बाहेरगावच्या यात्रेकरूला क्युसेकचा आकडा कळणार नाही आणि मारुतीच्या छातीला पाणी लागले म्हणजे काय, हेही कळणार नाही. त्याच्यासाठी घाटावर रंगांच्या ठळक पट्ट्या, भोंग्याचा एकच ठरलेला आवाज आणि मराठीबरोबर हिंदी, गुजराती, तेलुगूमधून सूचना देणारे स्वयंसेवक लागतील. त्यांची निवड व प्रशिक्षण महापालिकेने शहरातील महाविद्यालयांमार्फत आतापासूनच हाती घ्यावे.